मालिकेतली ताराराणी बघताना

कोल्हापूरशी जवळचं नातं असलेली ऐतिहासिक मालिका म्हणजे २०२१ साली सोनी मराठीवर सुरू झालेली ‘स्वराज्य सौदामिनी ताराराणी’. जरूर बघा. फक्त नऊवारी आणि दागिने बघताना कारभार बघायचा राहून जातो, तेवढं होऊ देऊ नका.

मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले. हंबीरराव मोहित्यांची ही लेक तेव्हा जेमतेम पंचविशीची. लहानग्या शिवाजीला गादीवर बसवून ताराबाईंनी कारभार हाती घेतला. औरंगजेब इथले किल्ले घेत होता, तेव्हा त्यांच्या फौजा माळवा-गुजरातेत शिरत होत्या. सात वर्षं झगडूनही बादशहाला मराठी राज्य बुडवता आलं नाही. १७०७ साली तो अहमदनगरजवळ मेला.

पुढचं कडू आहे. १७१४ साली सवत राजसबाईंच्या मुलाला, संभाजीला, गादी मिळाली आणि ताराबाई लेकासह पन्हाळ्यावर कैदेत पडल्या. बादशहाला न हरलेली राणी घरच्या भांडणात हरली.

म्हणून मालिका बघताना एकमेकींना विचारा: इथं निर्णय कुणाचा? खजिना कुणाच्या हाती? मग हेच आपल्या घराबद्दलही विचारा.