हबर्ड ब्रूक परिसंस्था-अध्ययन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यू हँपशर राज्यात, व्हाइट पर्वतप्रदेशातील हबर्ड ब्रूक या ओढ्याच्या खोऱ्यात १९६३ मध्ये सुरू झालेले दीर्घकालीन क्षेत्रीय संशोधन. येथील प्रायोगिक वन जलविज्ञानीय संशोधनासाठी १९५५ मध्ये स्थापन झाले होते. एफ्. हर्बर्ट बोरमान, जीन लायकेन्स, नॉय जॉन्सन व रॉबर्ट पिअर्स यांनी तेथे परिसंस्थेतील पोषकद्रव्यांचा जमाखर्च मांडण्यास प्रारंभ केला.

येथील लहान पाणलोट क्षेत्रांखालचा खडक जवळजवळ अपारगम्य असल्याने बाष्परूपाने गेलेले पाणी वगळता उरलेले ओढ्यातूनच बाहेर पडते. त्यामुळे पाऊस व हिम यांतून येणारी द्रव्ये ही जमा, तर ओढ्यातून वाहून जाणारी द्रव्ये हा खर्च, असा हिशेब करता येतो. पर्जन्यमापक व ओढ्यावरील त्रिकोणी खाचेचे बांध यांच्या साहाय्याने पाण्याचे मापन करून नमुन्यांचे नियमित रासायनिक विश्लेषण करण्यात आले.

१९६५ च्या अखेरीस एका पाणलोट क्षेत्रातील सर्व झाडे तोडून तेथेच पडू दिली व तृणनाशके वापरून नवी वाढ रोखली. ओढ्याचा प्रवाह वाढला आणि त्यातील नायट्रेटाचे प्रमाण पिण्याच्या पाण्यासाठी ठरविलेल्या मर्यादेपलीकडे गेले. मृदेतील पोषकद्रव्ये धरून ठेवण्याचे कार्य सजीव वनस्पती करतात, हे यावरून प्रत्यक्ष मापनाने सिद्ध झाले.

याच नोंदींतून एक अनपेक्षित गोष्टही उघड झाली. शुद्ध पावसाचे पीएच मूल्य सु. ५.६ असते, येथे मात्र ते ४ च्या आसपास आढळले. दूरच्या औद्योगिक प्रदेशांतील गंधक व नायट्रोजन यांची ऑक्साइडे याला कारणीभूत होती. उत्तर अमेरिकेतील अम्लवर्षेचा प्रश्न यातून पुढे आला आणि १९९० च्या वायुप्रदूषणविषयक कायदादुरुस्तीत तिच्या नियंत्रणाची तरतूद झाली.

पावसाची अम्लता घटत असल्याचे संख्याशास्त्रीय दृष्ट्या निश्चित होण्यास सलग १८ वर्षांच्या नोंदी लागल्या. त्यांतील थोड्याच वर्षांचे आकडे घेतले असते, तर विपरीत अनुमान निघण्याचा संभव होता. पाऊस सुधारला तरी मृदेतील कॅल्शियम दीर्घकाळ धुपून गेल्याने परिसंस्था अपेक्षेइतकी सावरली नव्हती, असे १९९६ मध्ये दिसून आले. म्हणून १९९९ मध्ये एका पाणलोट क्षेत्रावर कॅल्शियम सिलिकेट पसरून त्याचे परिणाम अभ्यासण्यात आले. परिसंस्थेची हानी व तिची भरपाई या दोन्ही प्रक्रिया मंदगती असल्याने त्यांच्या आकलनास अखंड मापनाची आवश्यकता असते, हे या अध्ययनाने दाखवून दिले.