नाडीकडे पाहू नका, असे सांगणारे हैदराबादचे कमिशन

मराठवाड्याचा इतिहास म्हटला की आपल्याकडे रझाकार, पोलीस ॲक्शन आणि १७ सप्टेंबर १९४८ यांच्यापलीकडे बोलणे फारसे जात नाही. निजामी राजवटीची एक तर निंदा होते, नाही तर आमच्यातले काही जण तिचे गोडवे गातात. मला इथे तिसरीच गोष्ट सांगायची आहे.

आजचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. निजामाच्या काळात हा भाग परभणी जिल्ह्यात होता आणि हिंगोलीला हैदराबाद कॉन्टिन्जंटची छावणी होती. या राज्याच्या राजधानीत १८८८-८९ साली एका प्रश्नाचा शोध चालला होता. १८४७ पासून शस्त्रक्रियेत क्लोरोफॉर्म वापरले जाऊ लागले होते. वेदना थांबत, पण मधूनच एखादा रुग्ण टेबलावरच दगावे. आधी काय थांबते, श्वास की हृदय?

रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांचे उत्तर ठाम होते: श्वास. १८८८ च्या पहिल्या कमिशनने कुत्र्यांवर प्रयोग करून तेच सांगितले. लंडनच्या ‘लॅन्सेट’ला ते पटले नाही. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले आणि ‘लॅन्सेट’च्या वतीने डॉ. लॉडर ब्रंटन हैदराबादला आले. १८८९ च्या दुसऱ्या कमिशननेही लॉरींचीच बाजू घेतली. क्लोरोफॉर्म देणाऱ्याने फक्त श्वासावर लक्ष ठेवावे. रक्तदाब उतरला तरी त्यात स्वतंत्र धोका नाही.

चूक नेमकी इथे होती. रक्त अवयवांपर्यंत पोचते ते दाबामुळे. दाब फार उतरला की प्राणवायू पोचत नाही. हातपाय काही तास तग धरतात, मूत्रपिंडे त्याहून कमी. मेंदूला मात्र काही मिनिटांतच कायमची इजा होऊ लागते. छाती वरखाली होत असली तरी हृदयाने रक्त ढकलले नाही तर त्या श्वासाचा उपयोग नाही. पुढे १९११ साली गुडमन लेव्ही यांनी दाखवले की हलक्या क्लोरोफॉर्मखालीही हृदयाचे ठोके विस्कटून ते एकाएकी बंद पडू शकते.

गंमत अशी की त्याच हैदराबादेत युनानी हकीम रुग्णाची तपासणी नब्ज पाहूनच सुरू करत. इब्न सीनाने ‘अल-कानून’मध्ये नाडीवर विस्ताराने लिहिले आहे. म्हणून हकिमांना रक्ताभिसरण कळले होते असे मी म्हणणार नाही. त्यांचे नाडीशास्त्र स्वभाव आणि दोष यांच्या कल्पनांवर उभे होते. पण नाडीवरचे बोट उचलायला त्यांनी कधी सांगितले नाही.

निजामाने संशोधनाला पैसा दिला, याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण पैसा देणारा आपला म्हणून निष्कर्ष खरा ठरत नाही आणि राजवट नावडती म्हणून प्रयोग खोटा ठरत नाही. शेवटी उत्तर दुरुस्त झाले ते पुन्हा तपासून पाहिल्यामुळे. आज हिंगोलीत कोणाचे सिझेरियन असो की हर्नियाचे ऑपरेशन, भूल देणारा डॉक्टर श्वास, नाडी आणि रक्तदाब तिन्ही पाहतो. आपल्या इतिहासाकडेही असेच पाहायला हवे. आपल्याला सोयीची तेवढी एकच खूण पाहून निदान करू नये.