घरातील बोलणे आणि न्यायालयातील पुरावा : वृत्तपत्रापासून भ्रमणध्वनीपर्यंत

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर हे गाव आहे. तेथील घरांना दारे न बसविण्याची परंपरा सर्वश्रुत आहे. चौकट असते, परंतु फळ्या व कडी-कोयंडा नसतो. फार तर कुत्री-मांजरे आत शिरू नयेत म्हणून एखादी फळी टेकवून ठेवतात, किंवा पडदा सोडतात. 2011 साली युको बँकेने येथे कुलपाविना शाखा उघडली, तेव्हा या परंपरेची वार्ता पुन्हा एकदा सर्वत्र पसरली. शनीच्या धाकामुळे चोरी होत नाही अशी श्रद्धा तिच्या मुळाशी आहे, आणि तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखकास मात्र या गावाकडे पाहून एक निराळाच प्रश्न सुचतो. ज्या घरास दार नाही त्या घरातही पतिपत्नींचे काही बोलणे केवळ त्या दोघांचेच असते. त्या बोलण्यास दार कोणी लावावयाचे? शेजाऱ्याने, कायद्याने, की त्या दोघांपैकी एकाचे वकीलपत्र घेणाऱ्याने?

हा प्रश्न आज भ्रमणध्वनी व समाजमाध्यमे यांच्यामुळे निकडीचा झाला आहे. तथापि तो नवा नाही. दाम्पत्यकलहाच्या दाव्यांत नवे माध्यम शिरण्याचा महाराष्ट्रातील इतिहास सुमारे एकशेचाळीस वर्षांचा आहे. त्याचे जे टप्पे मला महत्त्वाचे वाटतात त्यांचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

या इतिहासाची कायदेशीर चौकट 1872 च्या भारतीय पुरावा अधिनियमाने घालून दिली. सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेल्या या अधिनियमाच्या 122 व्या कलमाने असे ठरविले की, विवाह चालू असता पतीने पत्नीस किंवा पत्नीने पतीस जे सांगितले ते उघड करण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही, आणि ज्याने सांगितले त्याच्या संमतीवाचून ते उघड करू देता येणार नाही. परंतु याच कलमात एक अपवाद आहे : पतिपत्नींमधील परस्परांविरुद्धच्या दाव्यास हा नियम लागू नाही. म्हणजे बाहेरच्या भांडणात जो पडदा राहावयाचा, तोच पडदा घरच्या भांडणात बाजूला सारला जातो. या अपवादाकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे जात नाही. वास्तविक पुढील सारा इतिहास त्यातूनच वाट काढीत गेला आहे.

पहिला मोठा प्रसंग रखमाबाईंचा. बालपणी विवाह झालेल्या रखमाबाई सासरी नांदावयास गेल्याच नाहीत. त्या आपले सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून शिकल्या. 1884 मध्ये त्यांचे पती दादाजी भिकाजी यांनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दाम्पत्यहक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लावला. न्या. पिन्हे यांनी तो 21 सप्टेंबर 1885 रोजी फेटाळला. जे सहजीवन मुळात सुरूच झाले नाही त्याची ‘पुनः’स्थापना कशी करावयाची, असा त्यांचा मुद्दा होता. अपिलात सरन्यायाधीश सार्जंट व न्या. बेली यांनी हा निर्णय 1886 मध्ये उलटविला, आणि 4 मार्च 1887 रोजी न्या. फॅरन यांनी रखमाबाईंनी एका महिन्यात पतीकडे जावे, न गेल्यास सहा महिन्यांचा कारावास भोगावा, असा आदेश दिला. कारावास पत्करीन, असे त्यांचे उत्तर होते. अखेर 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली.

ही हकीकत स्त्रीसुधारणेच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. दावा चालू असतानाच, 26 जून 1885 रोजी, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या अर्थाच्या इंग्रजी टोपणनावाने बालविवाहाविषयी पत्र प्रसिद्ध झाले. दुसरे पत्र 19 सप्टेंबरला, म्हणजे न्या. पिन्हे यांच्या निकालापूर्वी अवघे दोन दिवस, आले. पत्रलेखिका स्वतः रखमाबाई होत्या, हे पुढे उघड झाले. ‘केसरी’ विरुद्ध बाजूस उभा राहिला. 1887 मध्ये दादाजींच्या बाजूने खटल्यातील वस्तुस्थिती मांडणारी इंग्रजी पुस्तिका निघाली, आणि तीत कुटुंबातील संपत्तीचे व नात्यांचे तपशील चव्हाट्यावर आले. रखमाबाईंनी त्यास त्याच वर्षी जूनअखेर ‘बाँबे गॅझेट’मधून उत्तर दिले. पुस्तिकेस उत्तर, उत्तरावर संपादकीय, संपादकीयावर वाचकांची पत्रे, असा हा क्रम होता. न्यायालयापुढील मुद्दा नेमका व कायद्याचा होता. वृत्तपत्रांतील मुद्दा कोणाचे घराणे कसे, हा झाला. रखमाबाईंच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या मंडळींत काशिनाथ त्र्यंबक तेलंगांसारखे कायदेपंडित होते. वृत्तपत्र हे दुधारी शस्त्र आहे, हे त्यांच्यासारख्यांस कळत नव्हते असे म्हणवत नाही. ते हाती घेतल्यावाचून रखमाबाईंची बाजू मांडली गेली नसती, हेही तितकेच खरे. म्हणून त्या काळातील वकिलांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. मुद्दा एवढाच की, घरगुती दावा व सार्वजनिक माध्यम यांची गाठ पडली की काय होते, याचा नमुना 1887 सालीच पूर्णपणे तयार होता.

स्वतंत्र भारताच्या विधिमंडळाने तो नमुना नाकारला. 1955 च्या हिंदू विवाह अधिनियमाच्या 22 व्या कलमाने असे दावे बंद दाराआड चालविण्याची तरतूद केली, 1976 च्या दुरुस्तीने ती अधिक कडक केली, आणि कामकाजाचा वृत्तान्त छापणे वा प्रसिद्ध करणे हा दंडनीय अपराध ठरविला. दंडाची कमाल मर्यादा एक हजार रुपये आहे. हा नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे छापखाना व संपादक होते. पक्षकार स्वतःच खिशात छापखाना बाळगील, ही कल्पना त्यांना असणे शक्य नव्हते. साक्ष संपवून बाहेर आलेल्या पक्षकाराने न्यायालयाच्या पायरीवर बसून नातेवाइकांच्या गटास कामकाजाचा मजकूर पाठविला, तर ते ‘प्रसिद्ध करणे’ होते काय? माझ्या मते होते. निदान वकिलाने आपल्या पक्षकारास तसे समजूनच सल्ला दिला पाहिजे.

वृत्तपत्रानंतर टपालाचे पत्र. पत्राच्या बाबतीत न्यायालयांनी घेतलेली भूमिका आजच्या संदेशांस अधिक जवळची आहे. एम. सी. वर्गीस विरुद्ध टी. जे. पोन्नन या खटल्यात 1964 साली मुंबईहून पतीने केरळात माहेरी असलेल्या पत्नीस पत्रे लिहिली होती, आणि त्यांतील मजकुरावरून सासऱ्याने अब्रूनुकसानीची फिर्याद केली. सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये असा निर्णय दिला की, पत्नीने साक्षीदार म्हणून ही पत्रे सिद्ध करणे 122 व्या कलमाने निषिद्ध असले, तरी अन्य मार्गाने ती सिद्ध करण्यास आडकाठी नाही. कायद्याने मुख बंद केले. लेखाला पाय फुटले असतील तर त्यास अडविले नाही. ज्याच्या हाती फोन पडेल तो त्यातील मजकूर घेऊन न्यायालयात येतो, या आजच्या वहिवाटीचे मूळ येथे सापडते.

याहून अधिक बोधप्रद खटला पुण्याचा आहे. नारायण गणेश दास्ताने विरुद्ध सुचेता दास्ताने या दाव्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयात न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी 1975 मध्ये दिला. विवाह 1956 चा, ताटातूट 1961 ची, आणि दावा पुण्याच्या न्यायालयापासून चार पायऱ्या चढून गेलेला. वैवाहिक दाव्यात फौजदारी खटल्याप्रमाणे निःसंशय पुरावा लागत नाही, संभाव्यतेचा तोल कोणीकडे झुकतो ते पाहावयाचे, हे तत्त्व या निकालाने रूढ केले; विद्यार्थी तेवढेच लक्षात ठेवतात. परंतु निकालपत्र सबंध वाचावयास हवे. न्यायालयापुढे पत्रांचा मोठा संभार होता, आणि न्यायमूर्तींनी तो तुकड्यातुकड्यांनी न वाचता कालक्रमाने वाचला. एखाद्या पत्रात पत्नीचे कठोर बोल आहेत, एखाद्यात पश्चात्ताप आहे. आणि त्या साऱ्याच्या पाठीमागे सहजीवन चालूच आहे. निष्कर्ष असा निघाला की, क्रूरता सिद्ध झाली, परंतु पतीने ती क्षमा केलेली आहे. म्हणून दावा फेटाळला. ताटातुटीनंतर पत्नीने पतीच्या सरकारी वरिष्ठांस तक्रारीचे पत्र लिहिले होते. त्यामुळे जुनी क्रूरता पुन्हा जिवंत होते काय, याचाही न्यायालयाने विचार केला आणि तसे मानले नाही. पतीच्या वा पत्नीच्या नोकरीच्या ठिकाणी समाजमाध्यमातून तक्रार धाडण्याची प्रकरणे ज्यांच्याकडे येतात, त्या वकिलांनी निकालपत्राची ही पाने अवश्य चाळावीत.

दास्ताने खटल्याची पद्धती आज किती पाळली जाते? स्क्रीनशॉट म्हणजे संभाषणाचा कापून काढलेला तुकडा. रात्री अकराचा शिवीगाळीचा संदेश दाव्यास जोडला जातो. सकाळी सातचा ‘डबा घेतला का?’ हा संदेश जोडला जात नाही. न्यायाधीशास क्षमा दिसावी कोठून? समोरच्या वकिलाने संपूर्ण संभाषण मागणे व स्वतः संपूर्ण संभाषण वाचून मगच दावा लिहिणे, ही कौटुंबिक वकिलाची पहिली विद्या होय. ती संगणकाची विद्या नव्हे.

ध्वनिफितीचा टप्पा थोडक्यात सांगतो, कारण त्याचे मूळ कौटुंबिक दाव्यांत नाही. 1967 मध्ये युसुफअली इस्माईल नगरी आणि 1972 मध्ये आर. एम. मलकानी, असे मुंबईचे दोन लाचलुचपतीचे खटले सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढले. पहिल्यात बैठकीतील बोलणे लपविलेल्या ध्वनिग्राहकाने टिपलेले होते. दुसऱ्यात दूरध्वनीवरील बोलणे. दोन्हींत ध्वनिफीत ग्राह्य ठरली. मलकानी निकालात तर पुरावा गैरमार्गाने मिळविलेला असला तरी तेवढ्याने तो त्याज्य ठरत नाही, असे सांगितले गेले. लाच घेणाऱ्यास पकडण्याकरिता बनलेले हे हत्यार पुढे शयनगृहात जाईल, असे त्या वेळी कोणास वाटले नसेल.

2000 च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने पुरावा अधिनियमात 65 ब हे कलम घातले. इलेक्ट्रॉनिक नोंद कोणत्या यंत्रातून, कशी निघाली याचे प्रमाणपत्र आवश्यक झाले. या प्रमाणपत्राविषयी दीर्घकाळ चाललेला गोंधळ 14 जुलै 2020 रोजी मिटला, आणि तोही महाराष्ट्रातीलच दाव्यात. जालना विधानसभा मतदारसंघाच्या 2014 च्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल या खटल्यात प्रमाणपत्र अनिवार्य ठरले. मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले तर मात्र त्याची गरज नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 63 व्या कलमान्वये प्रमाणपत्राचे दोन भाग झाले आहेत : एक पक्षकाराने भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि नोंदीचा ‘हॅश’, म्हणजे तिचा अंकरूप ठसा, नमूद करावयाचा. कुटुंब न्यायालय अधिनियम, 1984 च्या 14 व्या कलमाने कुटुंब न्यायालयास पुराव्याच्या नियमांपलीकडे जाऊन कागद पाहण्याची मुभा दिलेली आहे खरी. परंतु तिच्या भरवशावर प्रमाणपत्राकडे दुर्लक्ष करणारा वकील अपिलात अडचणीत येतो.

बरोबर पाच वर्षांनी, 14 जुलै 2025 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने विभोर गर्ग विरुद्ध नेहा या पंजाबातील खटल्यात पतीने गुप्तपणे ध्वनिमुद्रित केलेले पत्नीचे दूरध्वनीवरील बोलणे ग्राह्य धरले. न्यायालयाच्या मते 122 वे कलम व्यक्तीच्या खाजगीपणाकरिता नसून विवाहसंस्थेच्या पावित्र्याकरिता आहे. आणि पतिपत्नींच्या आपसांतील दाव्यात त्याच कलमातील अपवाद लागू होतो. जे एकमेकांवर पाळत ठेवतात त्यांच्यातील विश्वास आधीच संपलेला असतो, असाही विचार त्यामागे आहे. कायद्याच्या इतिहासाच्या दृष्टीने हा निकाल सुसंगत आहे. 1872 च्या अपवादाची व मुंबईच्या ध्वनिफितींची ती स्वाभाविक परिणती होय. मला तो पूर्णपणे पटत नाही. पाळत हे विश्वासभंगाचे लक्षण जसे असते, तसेच ते कारणही होऊ शकते, आणि दावा जिंकण्याचे साधन मिळाले की पाळत वाढते.

म्हणून दाराचा प्रश्न पुन्हा वकिलाकडे येतो. पुरावा ग्राह्य ठरला म्हणजे तो मिळविण्याची कृती निर्दोष ठरली, असे नव्हे. दुसऱ्याच्या फोनमध्ये परवानगीवाचून शिरणे, त्यात हेरगिरीची आज्ञावली बसविणे, हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या 43 व 66 या कलमांखाली अपराध होऊ शकतो. तसा सल्ला देणारा वकील आपल्या पक्षकारास दिवाणी दाव्यातून फौजदारी कोठडीकडे नेतो. उलट, दावा दाखल झाल्यावर जुने संदेश व छायाचित्रे पुसून टाकावयास सांगणे हेही पुरावा नष्ट करण्याच्या जवळ जाते. कुटुंब न्यायालय अधिनियमाच्या 13 व्या कलमाने वकिलास हक्क म्हणून उभे राहू दिलेले नाही; न्यायालयाच्या अनुमतीनेच तो येतो. मुंबई उच्च न्यायालयाने 1991 मध्ये लीला महादेव जोशी यांच्या खटल्यात ही अनुमती उदारपणे देण्याचा मार्ग मोकळा केला. ज्याचे येणेच अनुमतीवर अवलंबून आहे, त्याने स्वतःविषयी समाजमाध्यमांत काय मिरवावे, यासही सीमा आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 36 व्या नियमाने जाहिरात निषिद्ध आहे. 2008 च्या दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनद, पात्रता व कामाचे क्षेत्र एवढेच देता येते. जिंकलेल्या घटस्फोटाची हकीकत, पक्षकाराचे नाव गाळून का होईना, तेथे बसत नाही.

एक अडचण मात्र कोणत्याच निकालाने सुटलेली नाही. प्रमाणपत्र यंत्राविषयी बोलते, माणसाविषयी नाही. अमुक संदेश अमुक फोनमधून गेला, एवढे प्रमाणपत्राने सिद्ध होईल. तो कोणी लिहिला हे सिद्ध होणार नाही. पत्राच्या काळी हस्ताक्षर होते. नेवाशासारख्या तालुक्यातील एखाद्या शेतकरी कुटुंबात फोन पतीच्या नावावर, वापर पत्नीचा, आणि संध्याकाळी तो दिराच्या किंवा शाळकरी मुलाच्या हाती, ही स्थिती अपवादात्मक नाही. अशा घरातून आलेल्या संदेशाचा कागद समोर ठेवला गेला, तर वकिलाने पहिला प्रश्न त्या घरातील माणसांविषयी विचारावा : त्या रात्री फोन कोणाजवळ होता?