सीमारेषा अनिश्चित, बचाव निश्चित : सर क्रीकच्या समुद्रातील सहकार्य

१/ १७ नोव्हेंबर २०२४. पाकिस्तानी गस्ती जहाज 'नुसरत' सात भारतीय मच्छीमारांना पकडून नेत होते. भारतीय तटरक्षक दलाच्या 'अग्रिम'ने पाठलाग करून त्यांना सोडवले. अवघ्या १७ दिवसांनी याच दोन देशांच्या यंत्रणा एकत्र येऊन बारा भारतीय खलाशांचा शोध घेत होत्या. हे कसे घडले?

२/ वादाचे मूळ आहे कच्छ आणि सिंध यांच्यामधील सुमारे ९६ किलोमीटर लांबीची सर क्रीक ही खाडी. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. कच्छ संस्थानाशी असलेला सीमातंटा मिटवण्यासाठी मुंबई सरकारने १९१४ मध्ये ठराव केला. आज त्याच ठरावाच्या आधारे पाकिस्तान खाडीचा पूर्व काठ ही सीमा मानतो, तर भारत प्रवाहाचा मध्य.

३/ सागरी सीमा किनाऱ्यावरील सीमेच्या टोकापासून आखली जाते. ते टोकच वादग्रस्त असल्याने अरबी समुद्रातील रेषाही अनिर्णित राहिली. परिणाम भोगतो तो मच्छीमार. मासळीच्या मागे गेलेली नौका पकडली जाते आणि गुजरात, दीव, पालघर येथील कुटुंबे वर्षानुवर्षे वाट पाहत राहतात.

४/ ३ ऑक्टोबर २००५ रोजी इस्लामाबाद येथे सामंजस्य करार झाला. त्यान्वये भारतीय तटरक्षक दल आणि पाकिस्तानची सागरी सुरक्षा संस्था यांच्यात थेट हॉटलाइनची तरतूद झाली.

५/ दुसरा आधार याहून जुना. शोध व बचावासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार १९७९ मध्ये हॅम्बुर्ग येथे संमत झाला. प्रत्येक देशाकडे बचावाचे क्षेत्र असावे, मात्र त्या क्षेत्राच्या आखणीचा सीमावादावर काहीही परिणाम होणार नाही, असे त्यात स्पष्ट केले आहे. म्हणूनच मदत मागितल्याने कोणाचाही दावा दुबळा होत नाही.

६/ ४ डिसेंबर २०२४. पोरबंदरहून इराणच्या बंदर अब्बासकडे निघालेले 'अल पीरानपीर' हे मालवाहू गलबत खवळलेल्या समुद्रात बुडाले. ठिकाण द्वारकेच्या पश्चिमेस सुमारे २७० किलोमीटर, पाकिस्तानच्या बचाव क्षेत्रात. मुंबईच्या सागरी बचाव केंद्राने पाकिस्तानी केंद्राशी संपर्क साधला. पाकिस्तानी विमानाने शोधात साहाय्य केले. भारताच्या 'सार्थक' जहाजाने छोट्या होडीत तग धरून असलेल्या बाराही जणांना वाचवले.

७/ या सहकार्याने सीमावाद सुटलेला नाही. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. त्यांत मच्छीमारांची नावे आजही असतात. बुडणाऱ्यासाठी दोन्ही बाजूंनी मान्य केलेली व्यवस्था आहे. भरकटलेल्या मच्छीमारासाठी तशी व्यवस्था अद्याप घडायची आहे.