न शिजवता येणारे पुस्तक

पाककृतींचे पुस्तक साहित्यात धरावे की नाही, हा प्रश्न आम्हां अध्यापकांत अधूनमधून निघतो आणि चहाबरोबर संपतो. ‘रुचिरा’ घरोघरी आहे, अभ्यासक्रमात नाही. आणि याबद्दल कोणाची तक्रार आहे असेही नाही. एलिझाबेथ डेव्हिड या इंग्रज लेखिकेचे ‘अ बुक ऑफ मेडिटेरेनियन फूड’ हे १९५० सालचे पुस्तक मात्र हा प्रश्न इतक्या सहज सुटू देत नाही. ते प्रसिद्ध झाले तेव्हा त्यावरून रांधणे बहुतेक वाचकांना शक्यच नव्हते. त्यांनी ते वाचले, इतकेच.

या पुस्तकामागे एक प्रवास आहे, आणि तो सहलीचा प्रवास नव्हे. १९३९ च्या जुलैमध्ये पंचविशीतील एलिझाबेथ आपला सोबती चार्ल्स गिब्सन कोवन याच्यासह एका छोट्या बोटीतून निघाली. फ्रान्सच्या कालव्यांतून भूमध्य समुद्र गाठावा, असा बेत होता. वाटेत महायुद्ध सुरू झाले. आंतीब येथे दोघे काही महिने अडकून पडले. तिथे सत्तरी ओलांडलेल्या नॉर्मन डग्लस या लेखकाशी तिचा स्नेह जडला. जे उत्तम असेल तेच मागावे, दुय्यमावर समाधान मानू नये, ही शिकवण तिने त्याच्याकडून घेतली. पुढे १० जून १९४० रोजी इटली युद्धात उतरली, आणि नेमकी त्याच सुमारास बोट सिसिलीतील मेसिना बंदरात होती. हेर असल्याच्या संशयावरून दोघांना अटकेत ठेवण्यात आले, नंतर युगोस्लाव्हियाच्या सरहद्दीकडे धाडण्यात आले. बोट गेली, पैसे गेले, हस्तलिखिते गेली आणि तिने जमवलेल्या पाककृतींचा संग्रहही गेला. हा शेवटचा तपशील आम्हांस फार मोलाचा वाटतो. दहा वर्षांनी जे पुस्तक झाले, त्याच्या तळाशी एक हरवलेली वही आहे.

त्यानंतर ग्रीस. सिरोस या बेटावर कोवन इंग्रजी शिकवी आणि ती घर सांभाळी. दुकानात मिळे ते थोडेच: पाव, ऑलिव्ह आणि त्याचे तेल, खारवलेले मासे, पांढरे कडक चीज, सुके अंजीर, कडधान्य, तांदूळ. या चार जिनसांतून रोजचे जेवण उभे करणे ही तिची खरी शाळा. १९४१ च्या एप्रिलमध्ये जर्मन फौजा ग्रीसमध्ये घुसल्या. क्रीटमार्गे ती इजिप्तला पोहोचली. अलेक्झांड्रियात नौदलाच्या सांकेतिक संदेशांच्या कचेरीत आणि मग कैरोत ब्रिटिश माहिती खात्याच्या संदर्भ ग्रंथालयात तिने काम केले. सुलेमान नावाचा तिचा सुदानी स्वयंपाकी दोन प्रायमस स्टोव्ह आणि वर ठेवलेली पत्र्याची पेटी एवढ्यावर पाहुण्यांची पंगत उठवीत असे. तिच्या लेखनात तो प्रेमाने येतो; पण पुस्तकावर नाव त्याचे नसते, हेही नमूद केले पाहिजे.

लग्नानंतर पतीच्या नोकरीमुळे १९४६ च्या जानेवारीत ती दिल्लीस आली. लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नीचे ते ठराविक जीवन तिला कंटाळवाणे वाटले, जेवणही मानवले नाही. सायनसच्या विकारामुळे काही महिन्यांतच तिला इंग्लंडला परतावे लागले. भारताशी तिचा प्रत्यक्ष संबंध एवढाच. १९७० साली तिने मसाल्यांवर पुस्तक लिहिले तेव्हा चटणी आणि खिचडीचा इंग्रजी अवतार त्यात आले खरे, पण ते मुख्यतः इंग्रजांच्या स्वयंपाकघराच्या वाटेने.

परतल्यावर तिला जे इंग्लंड भेटले ते विजयी होते आणि अर्धपोटी होते. ज्या पावावर युद्ध चालू असतानाही रेशन नव्हते, त्यावर १९४६ च्या जुलैपासून दोन वर्षे रेशन आले. ऑलिव्ह तेल औषधांच्या दुकानात छोट्या बाटलीत मिळे. १९४७ च्या त्या कडक हिवाळ्यात रॉस-ऑन-वाय या गावच्या एका हॉटेलात ती मुक्कामाला होती. पीठ पाण्यात कालवून वर मिरपूड टाकलेले सूप, पाव आणि चिवट मांस एकत्र करून केलेल्या टिक्क्या, सुकवलेले कांदे-गाजर: असे तिथले जेवण. तिने याचे वर्णन पुढे अनेक वर्षांनी केले आहे. त्या जेवणावरच्या रागातून आणि उन्हाच्या ओढीतून तिने कागद घेतला व दक्षिणेतील पदार्थ आठवून लिहू लागली. जर्दाळू, ऑलिव्ह, लिंबू, बदाम हे शब्द त्या काळच्या इंग्लंडमध्ये उच्चारणेही जणू अश्लील होते, अशी तिची आठवण आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पाककृतीची भाषा आज्ञेची असते. मराठीत आपण ‘कांदा बारीक चिरावा, तेलात परतावा’ असा विध्यर्थ वापरतो, इंग्रजीत सरळ आज्ञार्थ. ही आज्ञा पाळता येईल, हे तिथे गृहीतच असते. १९५० च्या इंग्लंडमध्ये ते गृहीतक कोसळले होते. लोणी, अंडी, मलई, मांस एक तर रेशनवर किंवा दुर्मिळ. मांसावरचे नियंत्रण सुटायला ४ जुलै १९५४ उजाडावा लागला. पाळता न येणारी आज्ञा वाचणाऱ्याच्या मनात इच्छा होऊन राहते. ‘तेल घ्या’ या दोन शब्दांत ‘तेल असते तर’ असे ऐकू येऊ लागते. या पुस्तकाचे साहित्यगुण शोधायचे तर त्याच्या अलंकारांत नव्हे, या क्रियापदात शोधावेत, असे आमचे मत आहे.

अलंकार तर उसनेच आहेत. नुसत्या सुट्या पाककृती चालणार नाहीत, त्यांना जोडणारा मजकूर हवा, असे एका प्रकाशकाने सुचवल्यावर तिने हेन्री जेम्स, डी. एच. लॉरेन्स, डरेल, डग्लस अशांचे उतारे मध्ये मध्ये गुंफले. अखेर पुस्तक स्वीकारणाऱ्या जॉन लेहमन यांनी आगगाडीच्या नावावरून ‘द ब्लू ट्रेन कुकरी बुक’ असे नाव सुचवले होते. तिने ते मानले नाही, हे बरेच झाले. प्रवासाची मौज विकणे हा तिचा हेतू नव्हता.

तरीही या पुस्तकाकडे एका ठिकाणी आम्हांस संशयाने पाहावे लागते. तिने सिरोस सोडल्यावर काही महिन्यांतच ग्रीसमध्ये भीषण दुष्काळ पडला. कब्जेदार सैन्यांची लूट, देशाच्या तुकड्यांमुळे थांबलेली धान्याची ने-आण आणि ब्रिटिश आरमाराची नाकेबंदी, अशी त्याची कारणे. सिरोस हे सर्वाधिक होरपळलेल्या बेटांपैकी एक होते. व्हायोलेटा हिओनिडू यांच्या २००६ च्या ग्रंथात त्याचा तपशीलवार अभ्यास आहे. मदतीचा गहू नियमित येऊ लागला तो १९४२ च्या उत्तरार्धात. ज्या दुकानांतून ती अंजीर आणि कडधान्य आणी, त्या बेटावर माणसे भुकेने मेली. तिच्या पुस्तकातील ग्रीसवर मात्र या दुष्काळाची सावली नाही. जॉन मिंटन यांच्या मुखपृष्ठावर निळी खाडी आणि भरलेली टेबले आहेत.

हा लेखिकेचा दोष मानावा काय? आमच्यात यावर एकमत झाले नाही. एक बाजू म्हणते, भुकेने लिहिलेल्या पुस्तकाने दुसऱ्याची भूक विसरावी, हे अक्षम्य आहे. दुसरीचे म्हणणे असे की पाककृतीच्या व्याकरणात भूतकाळच नाही. ‘बेटावर धान्य उरले नव्हते’ हे वाक्य तिथे बसवायचे कुठे? आम्हांस दुसरे उत्तर चतुर वाटते, पुरेसे वाटत नाही. उताऱ्यांना जागा होती, म्हणजे एका परिच्छेदाला होतीच.

१९५५ मध्ये पेंग्विनने स्वस्त आवृत्ती काढली, तेव्हा तिने नवी प्रस्तावना जोडली. परिस्थिती आता इतकी पालटली आहे की पुस्तकातील जवळजवळ प्रत्येक जिन्नस देशात कुठे ना कुठे, भले एक-दोनच दुकानांत का होईना, मिळू शकेल, असे तिने त्यात लिहिले. वाचक पिशवी घेऊन बाहेर पडले आणि पुस्तक टेबलावरून ओट्यावर गेले.