पाठीशी उभे राहिलेले हात

सिलतऱ्यावरून उत्तरेकडे जाणारा रस्ता बिलासपूरला पोहोचतो आणि तेथून पुढे डोंगराळ मुलुखात पेंड्रा हे गाव लागते. पोलादाच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या परिसरात राहताना आम्हांला क्वचितच आठवते, की त्या पेंड्र्याहून १९०० सालच्या जानेवारीत दोन मराठी तरुणांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केले, आणि ते हिंदीत! मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी आपल्या वाङ्मयीन वारशाचा हिशेब मांडताना या घटनेपासून आरंभ करणे आम्हांला उचित वाटते.

मराठी माणूस या प्रदेशात प्रथम आला तो नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. तलवारीने जडलेल्या या संबंधाला अक्षरांचे तेज चढावयास मात्र सुमारे दीड शतक जावे लागले. ‘छत्तीसगढ मित्र’चे संपादक होते माधवराव सप्रे व रामराव चिंचोलकर. प्रकाशनाचा भार उचलला रायपूरच्या वामन बळीराम लाखे यांनी. १९०१ साली सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा याच मासिकात आली. हिंदीतील पहिली कथा म्हणून अनेक अभ्यासक तिचे नाव घेतात. पैशाअभावी १९०२ च्या अखेरीस मासिक बंद पडले. तरीही ती तीन वर्षे वाया गेली, असे आज कोण म्हणेल?

सप्रे पुढे नागपूरला गेले. लोकमान्यांचे विचार हिंदी वाचकांपर्यंत नेण्यासाठी १९०७ मध्ये त्यांनी ‘हिंदी केसरी’ काढला. १९०८ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. घरच्यांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी माफीपत्र दिले आणि त्याचा सल त्यांच्या मनात खोल रुतला. त्या पश्चात्तापाच्या काळात त्यांनी समर्थांचा आश्रय घेतला. ‘दासबोध’ त्यांनी हिंदीत आणला तो नुसता अनुवादकाच्या हौसेने नव्हे. पुढे ‘गीतारहस्य’ही त्यांच्याच लेखणीतून हिंदी वाचकांच्या हाती पडले. १९२६ मध्ये रायपूर येथे त्यांचे निधन झाले.

सिलतऱ्याहून रायपूर ओलांडून नागपूरच्या वाटेला लागले की राजनांदगाव येते. तेथील दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध अध्यापन करीत होते. घरची भाषा मराठी, काव्याची भाषा हिंदी. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मात्र मराठीत लिहिते झाले आणि १९७९ च्या साहित्य अकादेमी पुरस्काराचे मानकरी ठरले. एका आईचे दोन पुत्र, दोन भाषांचे दोन अलंकार! गजानन मुक्तिबोधांचा ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा पहिला काव्यसंग्रह १९६४ साली निघाला, पण तो पाहण्यास ते उरले नव्हते. तो सिद्ध करण्यासाठी झटणाऱ्यांत बिलासपूरचे कवी श्रीकांत वर्मा होते. पुढे १९८० मध्ये त्यांची समग्र रचनावली नेमिचंद्र जैन यांनी संपादित केली.

घर सोडून गेलेल्यांच्या साहित्याला असे पाठीराखे सर्वत्रच लागतात. १८४५ पासून हिंदुस्थानातील मजूर करारावर कॅरिबियनमधील त्रिनिदाद बेटावर नेले गेले. त्यांची लाचारी आणि आमचे चाकरीनिमित्त येथे येणे यांची तुलना होऊ शकत नाही. परंतु त्यांच्या वंशजांनी नव्या भूमीच्या भाषेत लिहिले, हे साम्य विचार करण्याजोगे आहे. जमैकाच्या कवयित्री ऊना मार्सन यांनी १९४३ मध्ये लंडनच्या बीबीसीवर कॅरिबियन लेखकांसाठी कार्यक्रम सुरू केला. १९४६ ते १९५४ पर्यंत हेन्री स्वान्झी यांनी तो जोपासला. सॅम्युअल सेल्व्हन, डेरेक वॉलकॉट, व्ही. एस. नायपॉल यांचे प्रारंभीचे लेखन त्या नभोवाणीवरून बेटांवरील घराघरांत ऐकू गेले. वॉलकॉट व नायपॉल पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. स्वान्झींचे नाव आज किती वाचकांना ठाऊक असेल? आणि लाख्यांचे तरी?

१९८१ साली रायपूरला गंगाधर गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, याचा आम्हांला अभिमान आहे. परंतु आमच्या काही घरांतील मुले आज मराठी बोलतात आणि हिंदीत लिहितात, तेव्हा वडीलधाऱ्यांचे मन खट्टू होते. ती चिंता आम्ही खोटी मानीत नाही; मुलांना मराठी वाचता आलेच पाहिजे. समर्थांची मराठी सप्रे यांना वाचता आली नसती, तर ती हिंदीत कशी उतरली असती? पण वाचता येणारे मूल शेजाऱ्याच्या भाषेत लिहू लागले, तर ते आपल्यातून गेले असे समजण्याचे कारण नाही. भोपाळला विजयदत्त श्रीधर यांनी १९८४ मध्ये वृत्तपत्रांचे संग्रहालय उभारले, त्याला नाव दिले माधवराव सप्रे यांचे. हिंदीने त्यांना आपले म्हटले. आम्ही त्यांना विसरलो, तर दोष आमचा.

म्हणून या वर्षी मंडळाच्या ग्रंथसंग्रहात ‘दासबोध’ मराठी व हिंदी असा शेजारी शेजारी ठेवावा आणि दोन्ही मुक्तिबोध बंधूंना एकाच फळीवर जागा द्यावी, अशी आमची नम्र सूचना आहे. लेखक जन्माला घालणे कोणत्याही मंडळाच्या हाती नसते. लाख्यांप्रमाणे पाठीशी उभे राहणे मात्र आपल्या हाती आहे.