पोवळ्याचे भाऊबंद

परंडा तालुक्यातल्या सोनारीपासून समुद्र कितीतरी दूर. तरी पोवळं या मुलखाला नवखं नाही. याच धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगरचं कापड भडोच बंदराला जातं आणि भडोचला उतरणाऱ्या परदेशी मालात पोवळं सापडतं. भारतात पोवळ्याला मोत्यासारखा मान असल्याचं रोमच्या प्लिनीनेही त्याच शतकात नोंदवलं.

ते पोवळं भूमध्य समुद्रातलं. ते झाड की दगड, हा वाद शतकानुशतकं चालला. 1706 मध्ये मार्सिली या इटालियन अभ्यासकाने ताजी फांदी समुद्राच्या पाण्यात ठेवली, तेव्हा तिच्यावर आठ पाकळ्यांची पांढरी फुलं उमललेली दिसली. मार्सेलच्या पेसोनेल नावाच्या डॉक्टराने पुढे ओळखलं, की ही फुलं नव्हेत, प्राणी आहेत. पॅरिसच्या विद्वानांना ते पटलं नाही. त्याचं म्हणणं मान्य व्हायला काही दशकं जावी लागली.

त्या आठ पाकळ्या म्हणजे झालरीसारख्या कडांचे आठ स्पर्शक. हीच मऊ प्रवाळांच्या कुळाची खूण. खडक बांधणाऱ्या कठीण प्रवाळांत स्पर्शक सहाच्या पटीत असतात. म्हणजे हाताला टणक लागणारं पोवळं नात्याने मऊ प्रवाळांचं भाऊबंद ठरतं!

यातल्या मऊ भाऊबंदांची, म्हणजे लक्षद्वीपच्या किंवा मन्नारच्या आखातातल्या मऊ प्रवाळाची, जात ओळखायची, तर नुसता आकार दगा देतो, कारण प्रवाह आणि उजेड बदलला की तोही बदलतो. सार्कोफायटॉन हे मऊ प्रवाळ अळंबीसारखं दिसतं. त्यावर स्वतःचेच दोन प्रकारचे जीव असतात, सिन्युलेरिया या दुसऱ्या मऊ प्रवाळावर एकाच प्रकारचे. प्रजातीपर्यंत (जीनस) बहुधा इतकं पुरतं. तिच्यातल्या नेमक्या जातीसाठी (स्पीशीज) तुकडा कापावाच लागतो. तो ब्लीचमध्ये टाकला की मांस विरघळतं आणि चुन्याचे बारीक कण तळाशी बसतात. काही चातीसारखे, काही गदेसारखे, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारे. पृष्ठभागाचे कण निराळे, देठाच्या आतले निराळे, म्हणून दोन्हीकडचा तुकडा हवा. पोवळ्यात असेच कण एकमेकांना घट्ट चिकटून दांडा बनतो आणि त्याला पैलू पाडता येतात.

तरीही कण सगळं सांगत नाहीत. 2006 च्या सुमारास डीएनए तपासला, तेव्हा सार्कोफायटॉन ग्लॉकम या एका नावाखाली वेगवेगळ्या अनेक वंशरेषा निघाल्या. म्हणून नुसत्या फोटोखाली जातीचं नाव छापू नये असं मला ठामपणे वाटतं. प्रजातीचं नाव लिहावं आणि तुकडा अल्कोहोलमध्ये जपून ठेवावा.